शार्कने तपासलेला नकाशा

वाघ शार्कच्या पाठीवर कॅमेरा बसवायचा झाला तर काय काय करावं लागतं, सांगा बरं? आधी त्याला गळाला लावायचं. मग दोर हळूहळू आत घेत त्याला बोटीच्या कडेला आणायचं. शेपटीला फास टाकून पाण्यातच बोटीलगत आडवं धरून ठेवायचं, कारण कल्ल्यांतून पाणी वाहत राहिलं तरच त्याचा श्वास चालू राहतो. मग कोणीतरी वाकायचं आणि त्याच्या पाठीवरच्या उभ्या परावर कॅमेरा पक्का करायचा. हे सगळं भराभर, आणि शार्कला इजा न होऊ देता. हा शार्क असतो तीन-चार मीटर लांब! त्याच्या अंगावर पट्टे असतात, लहानपणी ठळक आणि वय वाढेल तसे पुसट. म्हणून त्याचं नाव टायगर शार्क. कोकणातल्या बाजारात मोरी किंवा मुशी म्हणून जे मासे मिळतात, त्यांच्याच कुळातला हा एक थोरला.

कॅमेरा ज्या कडीने अडकवलेला असतो, ती कडी खाऱ्या पाण्यात हळूहळू झिजत जाते. काही तासांनी ती तुटते, कॅमेरा सुटून वर तरंगतो आणि रेडिओवरून आपला ठावठिकाणा कळवू लागतो. मग बोट घेऊन निघायचं आणि त्या अफाट पाण्यात तो एवढासा कॅमेरा शोधून काढायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? शार्क कुठे हिंडतो, कशाच्या मागे लागतो हे बघायला? तेही दिसतंच. पण बहामा देशातल्या या शार्कांनी शास्त्रज्ञांना आणखी एक काम करून दिलं. आकाशातून काढलेला समुद्रतळाचा नकाशा बरोबर आहे की नाही, ते त्यांनी तपासून दिलं.

आता तुम्ही म्हणाल, आकाशातून समुद्राचा तळ कसा दिसेल? मध्ये एवढं पाणी आहे की! दिसतो, पण सगळीकडे नाही, आणि सहजासहजी तर मुळीच नाही. कसा दिसतो तेच आज बघू या.

आधी बहामात जाऊ. अमेरिकेच्या फ्लोरिडाच्या आग्नेयेला आणि क्यूबाच्या उत्तरेला हा देश पसरलाय. सुमारे ७०० बेटं, आणि त्यांशिवाय खूप सारे छोटे छोटे खडक. पण खरं नवल बेटांच्या भोवती आहे. चुनखडीची प्रचंड पठारं इथे समुद्रात बुडालेली आहेत. त्यांच्यावरचं पाणी बऱ्याच ठिकाणी दहा मीटरसुद्धा खोल नाही. पठाराची कड संपली की मात्र तळ एकदम कोसळतो, हजार-दीड हजार मीटर आणि त्याहूनही खाली. म्हणून वरून बघितलं की उथळ भाग फिरोजी रंगाचा चमकतो आणि त्याला लागूनच गडद निळा डोह दिसतो. अवकाश स्थानकातले अंतराळवीर इथले फोटो हौसेने काढतात. शिवाय बहामात मोठ्या नद्या नाहीत. नदी नाही म्हणजे गाळ नाही, आणि गाळ नाही म्हणून पाणी नितळ.

अशा उथळ समुद्राचा नकाशा काढणं सोपं असेल, असं वाटतं ना? उलट आहे. खोल समुद्राचा तळ जहाजावरच्या सोनारने मोजतात. सोनार खाली आवाज पाठवतो आणि तळावरून आलेला प्रतिध्वनी ऐकतो. हा आवाज खाली जाता जाता पसरत जातो, म्हणून पाणी जितकं खोल तितका रुंद पट्टा एका फेरीत मोजून होतो. उथळ पाण्यात मात्र आवाजाला पसरायला जागाच मिळत नाही. पट्टा होतो अगदी अरुंद, आणि फेऱ्या माराव्या लागतात असंख्य. त्यात मोठं जहाज उथळ पाण्यात शिरलं तर तळाला घासून रुतणार. म्हणून गुडघाभर ते दोन-तीन माणसं बुडतील एवढ्या पाण्याचेच नकाशे जगभर मागे राहिले. आणि नेमक्या याच पाण्यात प्रवाळ वाढतं, समुद्री गवत उगवतं, माशांची पिल्लं लहानाची मोठी होतात. बंदरं, जेट्ट्या, हॉटेलं बांधायला माणसंही याच पाण्यात येतात.

तर मग उपग्रह. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, पाण्यात शिरतो, तळावर आपटतो, तिथून परत वर निघतो, पुन्हा पाणी, पुन्हा हवा, आणि शेवटी शेकडो किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाच्या कॅमेऱ्यात पोहोचतो. हा प्रवास सगळ्या रंगांना झेपत नाही. लाल रंग सगळ्यात आधी दमतो. पाच-सहा मीटर पाण्यात त्याचा बराचसा भाग पाणी गिळून टाकतं. पाणबुड्याला पंधरा-वीस मीटरवर खरचटलं तर रक्त लाल दिसत नाही, हिरवट-काळं दिसतं! कारण तिथे लाल प्रकाश उरलेलाच नसतो. हिरवा रंग आणखी खाली जातो. नितळ पाण्यात सगळ्यात खोलवर जातो तो निळा.

आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश आहे, अवरक्त. तो तर पहिल्या मीटरभरातच संपतो. म्हणून अवरक्त कॅमेऱ्यातून समुद्र काळाकुट्ट दिसतो. मग त्याचा उपयोग काय? ऐका. समुद्राच्या लाटांवर ऊन चकाकतं, तेव्हा ती चकाकी फोटोत पांढरे डाग पाडते आणि खालचं काही दिसू देत नाही. आता विचार करा, अवरक्त फोटोत समुद्र काळा असायला हवा. तिथे जर कुठे उजेड दिसला, तर तो पाण्याखालून आलेला असूच शकत नाही. तो पृष्ठभागावरच्या चकाकीचाच. म्हणजे चकाकी कुठे आहे आणि किती आहे, हे आपोआप कळलं! मग तेवढी ती निळ्या-हिरव्या फोटोतून वजा करायची. ज्या प्रकाशाला पाण्यातलं काहीच दिसत नाही, त्याच्याच मदतीने पाण्यातलं स्वच्छ दिसायला लागतं. मला ही युक्ती फार आवडते.

हवेचाही त्रास असतोच. समुद्राकडे बघणाऱ्या उपग्रहाला जो प्रकाश मिळतो, त्यातला बहुतेक सगळा तर मधल्या हवेनेच विखुरलेला असतो, पाण्यातून आलेला फार थोडा. तोही हिशेब करून वजा करावा लागतो. ढग आले तर दुसऱ्या दिवशीचा फोटो घ्यायचा. म्हणून एका फोटोवर काम भागत नाही. एकाच जागेचे अनेक फोटो घ्यायचे आणि प्रत्येक ठिपक्यासाठी त्यातला सगळ्यात स्वच्छ निवडायचा.

ठिपका म्हणजे काय, तेही सांगायला हवं. युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत. त्यांतला पहिला २०१५ मध्ये सोडला. ते ७८६ किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे पृथ्वीवरचा १० मीटर लांब, १० मीटर रुंद तुकडा. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर असतं, म्हणजे हा तुकडा त्याहून थोडा लहान. आता कल्पना करा, अख्ख्या मैदानाला एकच रंग! मैदानात बारा-चौदा खेळाडू असोत, दम घेत उभे राहिलेले पंच असोत, सगळे त्या एका रंगात मिसळून गेलेले. तसंच समुद्रात. एका ठिपक्यात थोडी वाळू, थोडं गवत, एखादा खडक असं सगळं असेल, तरी उपग्रह सांगणार एकच रंग. त्यातून आत काय आहे ते ओळखायचं. एका अमेरिकन कंपनीचे 'डव्ह' नावाचे छोटे उपग्रह आहेत, जेमतेम ३० सेंटीमीटर लांब आणि पाचेक किलो वजनाचे. ते खूप खालून उडतात आणि त्यांचा ठिपका तीन-चार मीटरचा. त्यांची मोठी फौजच आकाशात आहे.

समजा चकाकी गेली, हवेचा हिशेब झाला, ढग टळले. आता खरं कोडं येतं. फोटोत एक गडद डाग दिसतोय. तिथे काय आहे? उथळ पाण्यातलं गवत? की पांढरी स्वच्छ वाळूच, पण खोल पाण्यात असल्यामुळे गडद दिसणारी? दोन्ही डाग दिसायला अगदी सारखे!

हे कोडं सोडवायला दोन रंग एकत्र बघायचे. नितळ समुद्रात हिरवा रंग निळ्यापेक्षा लवकर संपतो, हे आत्ताच बघितलं. मग पाणी खोल होत गेलं की हिरवा भराभर कमी होणार आणि निळा सावकाश. पण खोली तेवढीच असेल आणि फक्त तळ काळपट असेल, तर दोन्ही रंग साधारण एकदमच कमी होणार. म्हणजे दोघांपैकी कोण किती मंदावलाय, त्यावरून खोली वेगळी काढता येते आणि तळाचा रंग वेगळा. डेव्हिड लायझेंगा या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये हे गणित मांडलं. ते दर वेळी अचूक येतं असं नाही. गवत स्वतःच हिरवं असल्याने थोडा घोळ घालतं. पण आजही उथळ समुद्राचे नकाशे करणारे लोक या विचारापासूनच सुरुवात करतात.

उपग्रहाला तळ खरंच दिसतो का, याची पहिली मोठी परीक्षा बहामातच झाली होती. साल १९७५. जॅक-इव्ह कूस्तो हे फ्रान्सचे जगप्रसिद्ध पाणबुडे. पाठीवर हवेची टाकी घेऊन पोहायचं साधन त्यांनी एका इंजिनिअर साथीदाराबरोबर १९४३ मध्ये तयार केलं होतं. नासाने त्यांना बोलावलं आणि कूस्तो आपलं 'कॅलिप्सो' जहाज घेऊन आले. नासाचा लँडसॅट उपग्रह डोक्यावरून जाणार त्या वेळी जहाज ठरलेल्या जागी उभं राहायचं, पाणबुडे खाली उतरून प्रकाश किती पोहोचतोय ते मोजायचे, खोली मोजली जायची, आणि नंतर ते आकडे उपग्रहाच्या फोटोशी ताडून बघायचे. उत्तर आलं, नितळ पाण्यात २२ मीटर खोलीपर्यंत उपग्रहावर भरवसा ठेवता येतो. सहा-सात मजली इमारत बुडेल एवढं पाणी! वर उपग्रह आणि खाली माणूस, दोघांनी एकाच वेळी एकाच जागेकडे बघायचं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लँडसॅटचा एक किस्सा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९७६ मध्ये कॅनडाच्या लॅब्रॅडोर किनाऱ्याचे त्याचे फोटो तपासताना समुद्रात एक बारीकसा ठिपका सापडला. कुठल्याच नकाशात नसलेलं बेट, जेमतेम २५ मीटर रुंद आणि ४५ मीटर लांब. ते खरंच आहे का बघायला फ्रँक हॉल नावाचे सर्वेक्षक हेलिकॉप्टरमधून पट्ट्याने खाली उतरले. त्यांचे पाय टेकणार एवढ्यात खालून एक पंजा आला! बेटावर आधीच एक ध्रुवीय अस्वल बसलं होतं. हॉल यांना वर ओढून घेतलं आणि ते बचावले. त्या बेटाला 'लँडसॅट बेट' असंच नाव मिळालं. फोटोत बेट दिसलं होतं, अस्वल दिसलं नव्हतं.

अलीकडे खोली मोजायला आणखी एक अनपेक्षित मदतनीस मिळालाय. २०१८ मध्ये नासाने आइससॅट-२ नावाचा उपग्रह सोडला, तो खरं तर ध्रुवांवरचं बर्फ मोजायला. हा सेकंदाला १०,००० वेळा हिरव्या लेझरचा झोत खाली मारतो. एका झोतात प्रकाशाचे सुमारे २० लाख कोटी कण असतात. त्यांतले परत किती येतात? डझनभर! पण तेवढे पुरतात. प्रकाश खाली जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. शास्त्रज्ञांनी समुद्रावरची मोजणी पाहिली तर काही कण पाण्याच्या पृष्ठभागावरून परतले होते आणि काही थोडे उशिरा, थेट तळावरून. अगदी नितळ पाण्यात जवळजवळ ४० मीटर खोलीपर्यंत! बर्फासाठी गेलेला उपग्रह समुद्राची खोली सांगू लागला. तो फक्त सरळ रेषांमध्ये मोजतो, मधल्या जागा सोडून देतो. पण त्या रेषांवरचे खरे आकडे घेऊन फोटोंवरून काढलेली खोली दुरुस्त करता येते.

मग संगणक. 'हे बघ, इथे गवत आहे, इथे वाळू आहे, इथे प्रवाळ आहे' अशी हजारो उदाहरणं त्याला दाखवायची आणि बाकीचे ठिपके त्याच्याकडून ओळखून घ्यायचे. ॲलन कोरल ॲटलस नावाच्या प्रकल्पाने अशा रीतीने जगभरातल्या उथळ प्रवाळांचा नकाशा २०२१ मध्ये पुरा केला. मायक्रोसॉफ्टच्या दोन संस्थापकांपैकी पॉल ॲलन यांनी त्याला पैसा दिला होता. नकाशा पुरा झालेला बघायला ते राहिले नाहीत. हा नकाशा कुणालाही फुकट बघता येतो.

पण ती उदाहरणं आणायची कुठून? संगणकाने ठिपका ओळखला, तो बरोबर की चूक हे ठरवायचं कुणी? खडकावर वाढलेलं शेवाळ आणि समुद्री गवत वरून जवळपास सारखंच दिसतं. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढलं की तेही त्यांच्यात जाऊन बसतं. हे सोडवायला एकच मार्ग आहे. कूस्तोंच्या पाणबुड्यांसारखं कोणीतरी तिथे जाऊन बघायचं.

बहामात हे काम 'बिनीथ द वेव्ह्ज' या संस्थेचे ऑस्टिन गॅलाघर आणि समुद्री गवताचे मोठे अभ्यासक कार्लोस दुआर्ते यांच्या गटाने हाती घेतलं. माणसांनी शेकडो ठिकाणी बुड्या मारल्या, तळ बघितला, नोंदी केल्या. पण माणूस पाण्यात तासभर टिकतो, बोटीचं इंधन संपतं, वादळ येतं, आणि बहामाचा उथळ समुद्र संपता संपत नाही.

शार्कला बोट लागत नाही आणि इंधनही लागत नाही. टायगर शार्क दिवसाला ७० किलोमीटरपर्यंत पोहू शकतो. आणि त्याला गवताची कुरणं फार प्रिय. गवत खायला नाही हं! गवत खायला कासवं येतात, गवतात मासे, शंख, शेवंड लपतात, आणि त्यांच्या मागावर शार्क. तो कधी पृष्ठभागाजवळ असतो, कधी तळालगत सरकतो, आणि त्याच्या परावरचा कॅमेरा टिपत राहतो: दाट गवत, विरळ गवत, नुसती वाळू, पुन्हा गवत. त्यांतला एक कॅमेरा चारी बाजूंचं एकदम टिपणारा होता. समुद्रातल्या कुठल्याही प्राण्यावर असा कॅमेरा त्याआधी कुणी बसवला नव्हता. शिवाय माणूस जाईल तिथे तो स्वतः ठरवून जातो, त्याला सोयीचं असेल तिथे. शार्कला आपल्या नकाशाशी काही देणंघेणं नसतं. तो त्याच्या वाटेने जातो, म्हणून माणसाला सुचलीच नसती अशी ठिकाणंही तपासून होतात.

चित्रीकरण आलं, नकाशावर ठेवून पाहिलं, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये निष्कर्ष जाहीर झाला. बहामात ६६,००० ते ९२,००० चौरस किलोमीटर समुद्री गवत असावं! मोठा आकडा धरला तर महाराष्ट्राच्या जवळपास तीस टक्के क्षेत्र झालं. माहीत असलेल्यांत जगातलं सगळ्यात मोठं पाण्याखालचं कुरण. जगातल्या समुद्री गवताचा तोवरचा माहीत असलेला आकडा त्यामुळे एकदम ४० टक्क्यांहून अधिक वाढला.

तुमच्यातल्या कुणीतरी भुवया उंचावल्या असतील. ६६,००० ते ९२,०००? एवढा फरक? शाब्बास, तोच प्रश्न विचारायला हवा. आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी जर्मनीच्या अवकाश संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी डव्ह उपग्रहांच्या हजारो फोटोंवरून मोजणी केली, तेव्हा सुमारे ४७,००० चौरस किलोमीटर आलं. मग कोण चुकलं? मला वाटतं, हा चूक-बरोबरचा मामला नाही. एका ठिपक्यात चार पानं उगवली असतील तर त्याला कुरण म्हणायचं की वाळू? दाट गवत सगळेच ओळखतात. विरळ गवतापाशी हिशेब सुटायला लागतो. म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे आणि आणखी ठिकाणं तपासायची. खरे नकाशे असेच हळूहळू पक्के होत जातात.

या गवताबद्दल सांगायचं राहिलंच. हे शेवाळ नव्हे. शेवाळाला खरी मुळं नसतात, फुलं नसतात. समुद्री गवताला मुळं आहेत, वाळूखाली आडवं वाढणारं खोड आहे, पट्टीसारखी पानं आहेत आणि चक्क फुलंही आहेत. फुलांचे पराग पाण्यातून वाहत दुसऱ्या फुलापर्यंत जातात. त्याचे पूर्वज जमिनीवरचे. पृथ्वीवर डायनोसॉर हिंडत होते त्या काळात ते पुन्हा समुद्रात उतरले. आज जगात त्याच्या साधारण ७० जाती आहेत. मुळं वाळू धरून ठेवतात, पानांमुळे पाण्याचा वेग कमी होतो आणि बारीक गाळ खाली बसतो. त्या गाळाबरोबर कार्बनही गाडला जातो, आणि कुणी उकरला नाही तर शेकडो वर्षं तिथेच राहतो.

कुणी उकरला नाही तर! इथेच नकाशाची गरज लागते. गवत कुठे आहे हेच माहीत नसेल, तर त्यावरून मोटरबोटी जातात, त्यांचे पंखे गवत कापत लांबच लांब चरे पाडतात. बंदर खोल करायला गाळ उपसतात, तेव्हा कुरणाचं कुरण उपसलं जातं. कुणी मुद्दाम करत नाही, कागदावर तिथे नुसतं 'पाणी' लिहिलेलं असतं. नकाशा हातात असेल तर नांगर कुठे टाकायचा, जहाजाची वाट कुठून न्यायची, कुठला भाग राखीव ठेवायचा, हे आधी ठरवता येतं. बहामाने एक्झुमा बेटांजवळ जमीन आणि समुद्र मिळून राखीव बाग १९५८ मध्येच केली. २०११ पासून तर त्या देशाच्या सगळ्या समुद्रात शार्कची व्यापारी मासेमारी बंद आहे. आता बघा, शार्क राखले म्हणून शार्क होते, आणि शार्क होते म्हणून गवत कळलं!

नकाशाचा आणखी एक फायदा म्हणजे तो पुन्हा पुन्हा काढता येतो. ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाचं आखात आहे. २०१०-११ च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी खूप तापलं. आधीचे आणि नंतरचे नकाशे लावून पाहिल्यावर कळलं, ३६ टक्के कुरणांचं नुकसान झालंय. आधीचा नकाशा नसता तर नुकसान किती झालं, हे कुणाला सांगता आलं असतं?

आपल्याकडेही हे गवत आहे. लक्षद्वीपमध्ये अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेल्या उथळ पाण्यात, हिरवी समुद्री कासवं मोठ्या संख्येने चरायला आली. त्यांनी इतकं खाल्लं की कुरण पार खुरटून गेलं आणि मग कासवं दुसऱ्या बेटांकडे वळली. तमिळनाडूच्या पाल्कच्या उपसागरात याच गवतावर समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, जगते. तिच्यासाठी तिथे २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचं भारतातलं पहिलं डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झालं. त्यात १२ हजार हेक्टरांहून जास्त गवत आहे. आपल्या देशातल्या प्रवाळांचे उपग्रहावरून नकाशे करायचं काम इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रात कित्येक वर्षांपासून चालू आहे.

आणि महाराष्ट्राचा किनारा? इथे उपग्रहाची पंचाईत होते. सह्याद्रीतून धावत येणाऱ्या नद्या पावसाळ्यात लाल-तांबडी माती समुद्रात ओततात. भरती-ओहोटीने गाळ ढवळला जातो. गढूळ पाण्यात प्रकाश दोन-चार मीटरही नीट जात नाही, आणि वर चार महिने ढग. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्यही आहे. पण त्या प्रवाळाची खबर मिळवायची तर बुडी मारणाऱ्याच्या डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवावी लागते. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला मिळालंय. किनाऱ्यापासून एवढं दूर असल्याने तिथलं पाणी स्वच्छ आणि प्रवाळ सुंदर आहे. पण पठाराचा माथाच वीस मीटरहून खाली. म्हणजे कूस्तोंच्या २२ मीटरच्या हद्दीवरच, जेमतेम. तिथे जहाज, सोनार आणि पाणबुडे यांना पर्याय नाही.

आता तुमच्यासाठी काम. घरातल्या मोठ्यांचा मोबाइल थोडा वेळ मागून घ्या आणि नकाशात उपग्रहाचं चित्र चालू करा. आधी बहामातली एक्झुमा बेटं शोधा, मग लक्षद्वीपची अगत्ती, मग रत्नागिरी किंवा तुमच्या जवळचा कुठलाही किनारा. तिन्हीकडे पाण्याचा रंग कसा बदलतो ते वहीत रंगवा. अगत्तीच्या लगूनमध्ये गडद डाग दिसतील. त्यांतला एक निवडा आणि ठरवा, ते गवत असेल, प्रवाळ असेल, की नुसतं खोल पाणी? डागाची कड कशी आहे, आजूबाजूचा रंग हिरवट आहे की निळा, हे बघून अंदाज बांधा. आणि अंदाजाच्या खाली आणखी एक ओळ लिहा: तो बरोबर आहे का, हे तिथे जाऊन कोण बघू शकेल? तिथले मच्छीमार, पाणबुडे, कासव, आणखी कोणी? तुमची निवड आणि तिचं कारण आम्हाला पत्राने नक्की कळवा.